बेचाळीस पेट्या

शिरोलीच्या शेडमागं, जळक्या वाळूच्या ढिगाला लागून
बेचाळीस पेट्या उभ्या आहेत मार्चपासून.
धुरी दिलेल्या पाइनच्या फळ्या, पत्र्याच्या पट्ट्या,
आणि बाजूला स्टेन्सिलनं उठवलेलं एका देशाचं नाव
जे बाबालालला अजून नीट उच्चारता येत नाही.
तो म्हणतो, पलीकडलं.
पलीकडलं काम. पलीकडलं पेमेंट.
आणि आता : पलीकडलं बोंबललं.

आत पंपांची कवचं आहेत.
शहराला पाणी चढवणारे पंप, तोफा नव्हेत,
हे मी बँकेला तीनदा लिहिलं.
बँकेनं एकदाच लिहिलं :
निर्बंध यादी, परिशिष्ट ब, अनुक्रमांक एकशे सात,
पाणीपुरवठा महामंडळ.
महामंडळाचे अध्यक्ष राष्ट्राध्यक्षांचे मेहुणे.

मेहुणे म्हटल्यावर
शेडमध्ये सगळ्यांना सगळं कळलं.

चौगुले शेठनी चष्मा पुसला.
मतं त्यांनी चोरली, म्हणाले,
मग भट्टी आमची का विझायची?
आणि एकदम गप्प झाले.
सोसायटीच्या गेल्या निवडणुकीत
त्यांचे वारलेले चुलते
सकाळी साडेआठलाच मतदान करून गेले होते,
रांगेत उभं न राहता.

वाळीत टाकणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.
भुदरगडात आमच्या गावानं टाकलं होतं रामू दळव्याला,
देवळाची वर्गणी खाल्ली म्हणून.
खाल्लीच होती. त्यात वाद नव्हता.
गिरणी बंद, न्हावी बंद,
विरजणाला वाटी घेऊन गेलं तरी दार बंद.
दळवी रात्री मोटरसायकल काढायचा,
गारगोटीत दाढी करून, रस्सा ओरपून यायचा.
त्याची थोरली माझ्या वर्गात होती.
तिच्या शेजारचं बस्कर वर्षभर मोकळं.
मीही सरकलो होतो.
दीड हात.

पलीकडं मालाचा हिशेब बघते ओरेल नावाची बाई.
नऊ वर्षं आमचं बोलणं म्हणजे
वजन, व्यास, बोटीची तारीख.
निकालानंतर अकरा दिवस तिकडचं इंटरनेट बंद होतं.
बाराव्या दिवशी मेल आली.
भाऊ मतमोजणीला बसला होता, एका शाळेत.
झालेला आकडा त्यानं खडूनं फळ्यावर लिहिला
आणि पुसायला नाही म्हणाला.
त्याला नेलं.
दुसऱ्या दिवशी येऊन फळाही नेला.

मी काय लिहिणार?
शेठनी सांगितलं ते लिहिलं :
तिसऱ्याच बंदरातून, दुसऱ्याच नावावर माल निघू शकतो,
एजंट खात्रीचा आहे.

उत्तर यायला दोन दिवस लागले.
आमच्या नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तेही गढूळ.
तरी पाठवू नका.
पंप बसले की फीत कापायला तोच येईल.
आणि खाली, नऊ वर्षांच्या सवयीनं :
कृपया एकूण वजन कळवावे.

बाबालालला वाचून दाखवलं.
त्याचा ओव्हरटाइम गेलाय, पोराची फी तटलीय.
हातातली वाळू झटकत तो बराच वेळ पेट्यांकडं बघत राहिला.
बाई खरी हाय, म्हणाला.
पण शेजारणीला इचारलं का तिनं?
कडेवर घागर असणारीला?

मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

परवा पावणेसहाच्या भोंग्यानंतर
आम्ही दोघांनी पेट्या पुन्हा काट्यावर घेतल्या.
कुणी सांगितलं नव्हतं.
एका पेटीमागं मांजर व्यालं होतं,
ती शेवटी घेतली, हळू.

अकरा टन तीनशे चाळीस किलो.
तिला तसं कळवलं.

पोच नाही अजून.